सल्ला न देण्याची परीक्षा

निवृत्त झालेल्या माणसाने काहीतरी शिकत राहावं, असं मला आमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी सांगितलं. काय शिकावं तेही सांगितलं. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने पोहणं सुचवलं. चेअरमननी हिशेबतपासणी सुचवली, म्हणजे सोसायटीचे हिशेब परस्पर फुकटात तपासून झाले असते. बायकोची नोकरी अजून शिल्लक आहे. ती सकाळी पर्स खांद्याला लावता लावता एवढंच म्हणाली, "काहीही शिका, पण ते घराबाहेर असू दे." म्हणून मी समुपदेशन केंद्राच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.

माझं गणित सरळ होतं. मी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्याच्या तक्रारखिडकीमागे बसलो. लोकांचं गाऱ्हाणं ऐकायचं, मान हलवायची, "तुमची अडचण मी समजू शकतो" असं म्हणायचं आणि पुढे काहीही करायचं नाही, हे काम मी इमानेइतबारे केलं होतं. तेच आता प्रमाणपत्र घेऊन करायचं. शिवाय सल्ला देण्याचा गुण माझ्या अंगात उपजतच आहे. लोक सल्ला मागतात आणि मग मी देतो, असला कद्रूपणा मी कधी केला नाही.

पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'समुपदेशक सल्ला देत नाही.' मॅडम म्हणजे आमच्या वर्गाच्या प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटते.

मी हात वर केला. "मग काय देतो?"

"वेळ," मॅडम म्हणाल्या.

पाणीपुरवठा खात्यातही आम्ही लोकांना तेच द्यायचो. त्यामुळे मी उठून न जाता वर्गात टिकलो.

अभ्यासाला 'मानसशास्त्राची तोंडओळख' नावाचं पुस्तक होतं. नुसती तोंडओळख एवढी जाड, तर पाठ ओळख केवढी असेल, या विचाराने मी ते दबकतच उघडलं. पण पहिल्या दोन धड्यांतच मला घरच्या माणसांचं खरं स्वरूप दिसू लागलं. बायको साहेबावर चिडून घरी येते आणि पातेलं आपटते, याला 'विस्थापन' म्हणतात. मी तिला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही ते पातेलं घासत नाही, त्याला काय म्हणतात?" मी सूची पाहिली. त्याला पुस्तकात नाव नव्हतं. कुत्र्याचा आणि घंटेचा प्रयोग वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की, तिच्या किल्लीचा आवाज कुलपात झाला की मी आपोआप वर्तमानपत्राची घडी घालतो. हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, कुत्रं निदान शेपूट तरी हलवतं. स्मृतीचा धडा मी लगेच विसरलो. व्यक्तिमत्त्वाच्या धड्यानंतर मी औषधवाल्याला तो 'अंतर्मुख' असल्याचं सांगितलं. त्याला तो रोग वाटला आणि त्याने स्वतःच्याच दुकानातलं एक टॉनिक सुरू केलं.

मॅडम म्हणाल्या, नवीन विद्यार्थ्याला प्रत्येक धडा घरात दिसतो, आठवडाभरात उतरतं. माझं काही उतरलं नाही.

मग सराव सुरू झाले. दोघा-दोघांनी बसायचं, एकाने समुपदेशक व्हायचं आणि दुसऱ्याने क्लायंट. आपलं गाऱ्हाणं घेऊन येतो तो क्लायंट. माझ्या जोडीला एक निवृत्त वकीलबाई होत्या. कोण काय होणार ते केंद्राचा कारकून कागदावर टंकून देई. त्या दिवशी त्याने आम्हा दोघांच्याही नावापुढे 'समुपदेशक' टंकलं होतं. मी माझा कागद वाचला, बाईंनी त्यांचा वाचला आणि आम्ही समोरासमोर बसलो.

समुपदेशकाचा मुख्य मंत्र असा, की समोरच्याने जे सांगितलं ते आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचं. मी प्रेमळ चेहरा करून म्हणालो, "बोला."

बाईंनीही प्रेमळ चेहरा केला. "मी बोलावं, असं तुम्हाला वाटतंय."

"माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचलंय तर."

"ते माझ्यापर्यंत पोचणं तुमच्यासाठी महत्त्वाचं होतं."

"तुम्हाला बोलणं थोडं अवघड जातंय का?"

"अवघड. हा शब्द तुम्ही वापरलात. त्याबद्दल आणखी सांगाल?"

तास संपेपर्यंत हे चाललं. बाई फारच घुमी, असं माझं मत झालं. इतक्या वर्षांच्या वकिलीत एवढा बनेल माणूस पाहिला नाही, असं त्यांचं झालं. दोघांनी स्वतंत्रपणे अहवालात लिहिलं, 'क्लायंट तीव्र प्रतिकार करतो, तज्ज्ञाकडे पाठवावे.' मॅडमनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, "दोघांत दुःख कोणाला आहे ते ऑफिस कसं ठरवणार? ते आपसात ठरवायचं असतं."

ही झाली किरकोळ पडझड. खरी परीक्षा वर्षअखेरीला होती. प्रत्येकाने एका खऱ्या माणसाशी बसून त्याची खरी चिंता ऐकायची आणि त्याच्या परवानगीने ते सगळं रेकॉर्ड करून केंद्राला द्यायचं. माणूस नातेवाईक नको. आणि सल्ला द्यायचा नाही. अर्धा दिला तरी नापास. 'मी तुझ्या जागी असतो तर' असं वाक्य सुरू झालं की ते पुरं न करता सरळ पुढच्या वर्षी यायचं. पास झालो तर केंद्राच्या मदतकक्षात बसायला मिळणार होतं आणि दारावर पाटी लागणार होती. पाटीचं मला फारसं अप्रूप नाही. फक्त ती पितळी असावी की लाकडी, एवढंच मी ठरवत होतो.

क्लायंट कोण, याचा मला विचार करावा लागला नाही. समोरच्या दारातला नकाशा माझ्या डोक्यात आधीपासूनच होता.

नकाशा म्हणजे माझा मित्र. मोजणी खात्यात जमिनींचे नकाशे काढायचा, म्हणून ते नाव. त्याची बायको गेल्यापासून एकटाच राहतो, मुलगा परगावी असतो. आम्ही दोघं रोज संध्याकाळी नदीवरच्या पुलापर्यंत चालत जायचो. जाताना मी बोलायचो. येताना विषय बदलून मी बोलायचो. त्याने पंखा कोणता घ्यावा, दात कोणता काढावा, मुलाला कुठल्या शाखेला घालावं, हे सगळं मी त्याला त्या पुलावर सांगितलेलं आहे. त्याने कधी हूं की चूं केलं नाही. आणि गेले काही आठवडे तो फिरायला येत नव्हता. कधी म्हणे गुडघा दुखतो, कधी म्हणे जरा काम आहे. रिकाम्या माणसाला काम कसलं? दार किलकिलं उघडून बोलायचा आणि लावून घ्यायचा. वजन उतरलं होतं. काहीतरी त्याला आतून खात होतं आणि तो मला सांगत नव्हता. मला, म्हणजे ज्याने त्याचा दात ठरवला त्याला. मला त्याची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर रागही आला होता.

म्हणून मी रेकॉर्डिंगचं निमित्त पुढे केलं. म्हटलं, "मला क्लायंट पाहिजे. तुला काही चिंता आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "तुला सांगायचीच होती. असं बसून सांगता येईल तर बरंच."

केंद्रात नाव नोंदवायला गेलो तर कारकुनाने विचारलं, "क्लायंट तुमचा नातेवाईक नाही याचा पुरावा?"

"नाहीच तर पुरावा कसला देऊ?"

"दाखला आणा. जबाबदार माणसाचा."

"आमच्या इमारतीत तसं कुणी नाही."

"मग चेअरमनचा आणा."

चेअरमननी सोसायटीच्या ऑफिसात माझं ऐकून घेतलं, शिक्का बाहेर काढला आणि परत खणात ठेवला. "मी खोटं लिहू? त्याच्या घराची किल्ली तुमच्या खुंटीवर. त्याची बायको आजारी होती तेव्हा तुमची मंडळी तिच्या उशाशी रात्ररात्र बसून. लिफ्ट बंद पडली की तुम्ही दोघं एकाच कागदावर सही करून मला शिव्या घालता. आणि मी लिहायचं, यांचा काही संबंध नाही?"

"संबंध नाही असं नाही, नातं नाही असं लिहा."

"फरक काय?"

हा प्रश्न कार्यकारिणीपुढे गेला. तिथे वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या की, एकदा लेखी दिलं की उद्या तो आजारी पडला तर दवाखान्यात तुम्हाला आत सोडणार नाहीत. औषधवाला म्हणाला, आधी लेखी द्या, मग लेखीच मागे घ्या. कुणीतरी मध्येच पार्किंगचा विषय काढला आणि तो बराच चालला. शेवटी असा मजकूर संमत झाला: 'सदर दोन सदस्यांचे एकमेकांशी काहीही नाते नसून ते समोरासमोर राहतात.' खाली आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या.

नकाशाने चष्मा लावून ते वाचलं. नकाशे काढणारा माणूस, एक ओळही वरवर वाचत नाही. "काहीही?" त्याने विचारलं.

"कागदापुरतं," मी म्हणालो.

त्याने सही केली. माझ्याहून त्याचं अक्षर चांगलं आहे.

पहिला प्रयत्न माझ्या घरी झाला. फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, नकाशाने घसा खाकरला आणि म्हणाला, "हल्ली झोप लागत नाही रे." एवढ्यात औषधवाला वर्तमानपत्र परत करायला आला आणि दारातूनच म्हणाला, "गोळी देऊ का?" त्याच्या मागोमाग मावशी आल्या. त्यांनी उशी बदलायला सांगितलं. चेअरमन आपल्या दाखल्याचं पुढे काय झालं ते पाहायला आले आणि "मी नाहीच असं समजा" म्हणून खुर्ची ओढून बसले. मग उशी कापसाची की फोमची, यावर तिघांचं वाजलं. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा त्या गलक्यात एक चौथा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता: "अरे, त्यापेक्षा रोज झोपताना पाय कोमट पाण्यात घालून बस, मी सांगतो तुला." तो आवाज माझा होता. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला, पण तो माझाच राहिला.

बायको म्हणाली, "पाय बुडवायला सांगणं हा काही मोठा सल्ला नाही." मी तिला 'समर्थन', म्हणजे चुकीला कारणं शोधणं, हा मनाच्या संरक्षणाचा प्रकार समजावून सांगितला. ती उठून आत गेली.

ते रेकॉर्डिंग मी केंद्राला दिलंच नाही. दुसऱ्या वेळी मी पूर्वतयारीने गेलो. बैठक नकाशाच्या घरी. दाराला आतून कडी, घंटीची वायर काढलेली. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो, कारण माझा सल्ला नेहमी हातापासून सुरू होतो. तोंडात पेपरमिंटची गोळी धरली. भिंतीवर त्याच्या बायकोचा फोटो होता. ती असताना असलं काही झालं असतं तर तिने आम्हा दोघांनाही हाकलून दिलं असतं.

नकाशा बोलू लागला. तो इतका बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

"मुलगा बोलावतोय," तो म्हणाला. "कायमचं. माझ्यासाठी खोली केलीय त्याने, खिडकी आहे, सगळं आहे. हे घर विकायचं म्हणतो. गिऱ्हाईकसुद्धा बघितलंय. मी हो म्हटलेलं नाही. म्हणजे, नाही म्हटलेलं नाही. दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, बाबा, कधी? मी म्हणतो, बघू. सून चांगली आहे. मुलगा चांगला आहे. तीच पंचाईत आहे. वाईट असते तर भांडलो असतो."

इतके दिवस मला वाटत होतं की त्याला काहीतरी दुखणं झालंय. दुखण्यावर माझ्याकडे भरपूर उपाय होते.

"तिथे मला ओळखणारं कुणी नाही," तो म्हणाला. "इथे निदान जिन्यात कुणी भेटलं तर विचारतं, काय नकाशे. तू सांग ना, जाऊ का?"

माझ्या तोंडात अख्खं उत्तर तयार होतं. कुठेही जायचं नाही, मुलाला मी फोन करतो, गिऱ्हाईकाला जिन्याची ओल दाखवतो, एवढं सगळं. पण समोर फोनचा लाल ठिपका लुकलुकत होता. मी पेपरमिंट गालात सरकवली आणि म्हणालो, "हे ठरवणं तुला जड जातंय."

नेहमीची किल्ली नेहमीच्या कुलपात घालावी आणि ती फिरू नये, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"जड जातंय म्हणूनच विचारतोय. काय करू?"

"दोन्हीकडे ओढ आहे तुझी."

"ते मला माहितीय रे." मग फोटोकडे बघत म्हणाला, "बरं, माझं राहू दे. मी गेलो तर तुला कसं वाटेल, तेवढं तरी सांग."

यावर पुस्तकात काय म्हणायला सांगितलंय ते मला पाठ होतं. पण तोंड उघडेना. संध्याकाळी मी त्या पुलावर एकटाच कठड्याला टेकून उभा आहे आणि बोलायला कुणी नाही, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. मला फार वाईट वाटत होतं. पेपरमिंटही विरघळून गेली होती. किती वेळ गेला कोण जाणे.

"बरं," शेवटी नकाशा म्हणाला. "मग जातो."

"हा निर्णय तू स्वतः घेतलास," मी म्हणालो. हे वाक्य मात्र पुस्तकातलं होतं.

मी फोन बंद केला. तो उठून आत गेला आणि चहाचं विचारायला विसरला.

आमच्या वर्गात माझं रेकॉर्डिंग पहिलं आलं. मॅडमनी ते सगळ्यांना ऐकवलं. वकीलबाईंनी उठून माझं अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, तीन वेळा थेट प्रश्न विचारूनही साक्षीदार फुटला नाही. मॅडमनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'शेवटच्या प्रश्नानंतरची शांतता अतिशय परिपक्वपणे वापरली आहे.' मी ती वापरली नव्हती. पण वर्गापुढे असलं काही सांगत बसण्याची ती वेळ नव्हती. आता फक्त पाठपुरावा उरला होता, म्हणजे महिन्याभराने क्लायंटला भेटून त्याने काय केलं ते लिहून द्यायचं. तोवर त्याच्या निर्णयात समुपदेशकाने नाक खुपसायचं नाही. ते झालं की प्रमाणपत्र आणि पाटी. मी पितळी ठरवली होती.

महिना संपत आला तसा आमच्या जिन्यात खोक्यांचा ढीग लागला. नकाशाच्या दारात सगळी इमारत सल्ला द्यायला जमली होती. काच वर्तमानपत्रात गुंडाळा, असं औषधवाला सांगत होता. मावशी म्हणत होत्या, वर्तमानपत्राची शाई लागते, जुनी चादर घ्या. चेअरमन म्हणत होते की, सामान लिफ्टने न्यायचं असेल तर अर्ज लागेल. नकाशा मधोमध एका खोक्यावर बसला होता आणि सगळ्यांपुढे मान हलवत होता. मी जवळ गेल्यावर तो म्हणाला, "पहिला आलास म्हणे. वहिनी सांगत होत्या. छान झालं."

"हो," मी म्हणालो.

"मला वाटलं होतं तू ओरडशील."

"कधी?"

"त्या दिवशी." त्याने आवाज खाली घेतला. "इतकी वर्षं मी काही विचारलं नाही आणि तू सांगत आलास. म्हटलं, याच्यापुढे नुसतं मुलाचं नाव काढायचा अवकाश, हा आकाशपाताळ एक करेल. मग मला मुलाला सांगता येईल, अरे, मी आलो असतो, पण हा मला सोडत नाही. माझ्या तोंडून कुणालाही 'नाही' निघत नाही, तुला ठाऊक आहे. आधी दार लावून घेत होतो, कारण धीर होत नव्हता. मग तूच विचारलंस, म्हणून म्हटलं, सुटलो." त्याने खाली खोक्याकडे पाहिलं. "आयुष्यात एकदा मला तुझा सल्ला पाहिजे होता. नेमका तेव्हाच तू समुपदेशक झालास."

मी पाटीचा विचार केला. अगदीच केला नाही असं म्हणणार नाही. थोडा केला.

मग मी म्हणालो, "त्या खोक्यावरून ऊठ."

"का?"

"ते परत आत न्यायचंय. कुठेही जायचं नाही. मुलाला फोन लाव."

त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. मी त्याच्या मुलाशी किती वेळ बोललो ते मला सांगता येणार नाही, पण मधल्या वेळात मजल्यामजल्यावरची दारं उघडली आणि लोक जिन्यात येऊन उभे राहिले. वडिलांचा गुडघा, इथले डॉक्टर, माझ्या खुंटीवरची किल्ली, नदीवरचा पूल, असं सगळं मी त्याला सांगितलं. खिडकीवाल्या खोलीत बाबा सुट्टीपुरते येतील, असंही सांगितलं. मावशींनी मागून उशीचा मुद्दा घातला. महिनाभर मी तोंड दाबून बसलो होतो, ते सगळं एकदम बाहेर आलं. मला अतिशय बरं वाटत होतं.

पलीकडे मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, बाबांना यायचं नव्हतं तर ते मला तसं म्हणाले का नाहीत? मला वाटलं, एकटे पडलेत आणि संकोचाने सांगत नाहीत. फोन द्या त्यांना."

मी फोन नकाशाला दिला. त्याने तो कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नाही रे. मी नाही येत." एवढंच. मग पलीकडचं ऐकत राहिला. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. चेअरमन जिन्यातून म्हणाले, सामान परत आत नेण्यासाठी अर्ज लागणार नाही.

पाठपुराव्याच्या कागदावर मी खरं तेच लिहिलं: 'क्लायंटने न जाण्याचा निर्णय घेतला. सल्ला मी दिला. ओरडून दिला.' मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, दुसरं काही करता आलं नसतं का? मी म्हणालो, पुस्तकात असेल, मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, मित्राला क्लायंट करू दिलं, हीच चूक झाली, यंदापासून नियमात 'मित्र' हा शब्द घालू. कारकुनाने विचारलं, मग मित्र नसल्याचा दाखला कोणाचा घ्यायचा? त्यावर बैठक बोलावली आहे. मला त्यांनी नापास केलं. नियम तो नियम, त्यात मॅडमची चूक नाही. बायको म्हणाली, "परत बसा. घराबाहेर असलात की झालं."

त्यामुळे यंदा मी पुन्हा त्याच वर्गात, मागच्या बाकावर. अडचण अशी की, सल्ला न देण्याचा उत्तम नमुना म्हणून केंद्राकडे अजूनही माझंच रेकॉर्डिंग आहे. परवा मॅडमनी ते नव्या विद्यार्थ्यांना ऐकवलं. वर्गात सगळे माना खाली घालून टिपणं काढत होते. नकाशाचा आवाज आला, खिडकी आहे, सगळं आहे. मग आला, तू सांग ना, जाऊ का? मी हात मांडीखाली घेतले. मग तो म्हणाला, मी गेलो तर तुला कसं वाटेल, तेवढं तरी सांग. आणि ती परिपक्व शांतता सुरू झाली. कुणी पेन हलवत नव्हतं. ती फारच लांब होती. ऐकवेना मला.

"नको जाऊस रे," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो असणार, कारण सगळा वर्ग मागे वळला.

मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो. केंद्राच्या पायरीवर नकाशा बसला होता. वर्ग सुटला की आम्ही तिथूनच परस्पर पुलाकडे जातो.

"आज लवकर सुटलास?"

"बाहेर काढलं."

"कशावरून?"

"तुझ्यावरून. मध्येच बोललो."

त्याने गुडघ्यावर हात टेकला आणि सावकाश उठला. पुलापर्यंत नेहमीप्रमाणे मीच बोलत होतो. पुलावर आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वेळी वर्गात मनातल्या मनात बोलत जा. इथे आहेच मी, मोठ्याने बोलायला."

इतक्या वर्षांत त्याने मला दिलेला हा पहिलाच सल्ला. मी मध्ये बोललो नाही. ऐकून घेतला.